जुळ्या निलगिरीआड

सावळारामतात्यांना पहिल्यांदा चालताना पाहिलं तेव्हा मला वाटलं, माणूस सकाळी सकाळीच घेऊन आलाय. समोर वीस एकर रान तव्यासारखं सपाट. एक झाड नाही, एक धोंडा नाही. आणि हा पासष्टीचा माणूस, अंगात वॉचमनचा खाकी शर्ट, खाली धोतर, त्या मोकळ्या जागेतून नागमोडी चाललेला. चार पावलं सरळ, मग डावीकडे वळण, मग खांदा आत घेऊन तिरका, मग एकदम मान खाली. वर आभाळाखेरीज काही नव्हतं, त्यामुळे मान नेमकी कशाखालून काढली ते मला कळेना.

मी तेव्हा नुकताच लागलो होतो. राजगुरुनगरात जेवढं शिकता येतं तेवढं शिकून, मोशीत खोली घेऊन, रोज गाडीवरून चाकणच्या पलीकडे या साइटवर यायचो. इथं मोठं गोदाम व्हायचं होतं. माझा हुद्दा स्टोअरकीपर. म्हणजे सिमेंटची पोती सांभाळायची आणि ती भिजली की शिव्या खायच्या. चेष्टा करायला वेळ भरपूर होता. मी तात्यांना विचारलं, वाटेत पाहुणे बसलेत का, असं वळसे घालत येताय?

"पाव्हणे न्हाईत," तात्या म्हणाले. "झाडं हायेत."

मग स्वतःशीच हसले. "व्हती म्हन. पायांना अजून कुनी सांगितलं न्हाई."

ती झाडं निलगिरीची. हा उतार मूळचा तात्यांच्या वाडीतल्या सात-आठ घरांचा. चाळीस वर्षांपूर्वी एका लाकूडवाल्यानं तो भाडेपट्ट्यानं घेतला आणि निलगिरी लावली. स्लॅबखाली टेकू द्यायला बल्ल्या लागतात, आणि खाली पिंपरी-चिंचवड तेव्हा भराभर उभं राहत होतं. आज कासारवाडीत तिसऱ्या मजल्यावर झोपणाऱ्या एखाद्याचं छत तात्यांच्या रानावर टेकून वाळलेलं असायची बरीच शक्यता आहे. त्याला अर्थात पत्ता नसणार. तात्या त्या लाकूडवाल्याचे राखणदार होते. राखायची झाडं, पण तात्यांचा डोळा झाडांमधून जाणाऱ्या भेकरांवर.

भेकर ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. शेळीएवढं तांबूस हरीण. कळपानं नाही, एकटं राहतं. घाबरलं की कुत्र्यासारखं भुंकतं. आणि पाय असे उचलून उचलून टाकतं, जसं काही घर आत्ताच सारवलंय. त्याला मारणं तेव्हाही गुन्हा होता, आजही आहे, आणि तात्यांनी तो तरुणपणी मन लावून केला. बंदूक नव्हती, वाघूर होती. वाघूर म्हणजे शिकारीचं जाळं, कमरेएवढं उंच. ते जनावराच्या वाटेवर सैल टांगायचं, आणि बाकीच्यांनी लांबून हाका घालायचा, म्हणजे पत्रे बडवत, आरडत जनावर तिकडं हाकलत न्यायचं. जाळं वाडीत कोणीही विणायचं. ते कुठं टांगायचं हे एकट्या तात्यांना कळायचं.

त्यांचं शास्त्र तोडीवर चालायचं. लाकूडवाला रान एकदम कापत नसे, पट्ट्यापट्ट्यानं कापायचा. ज्या वर्षी पट्टा तुटला त्या वर्षी तिथं शिकार नाही, कारण उघड्यावर जनावर पाय ठेवत नाही. दुसऱ्या पावसाळ्यानंतर बुंध्यांना फुटवे येतात, मध्ये गवत येतं, आणि भेकर दिवस कलताना चरायला निघतं. तोंड तोडीत, शेपूट झाडीत. चौथ्या वर्षी रान पुन्हा दाट. तात्या म्हणायचे, शिकार रानात नसते, रानाच्या कडेला असते. पट्टा तुटला की नवी कड तयार व्हायची. त्यामुळे कुऱ्हाडी आल्या की बाकी वाडी हळहळायची आणि तात्या वाघूर उन्हात वाळत घालायचे.

शिकार सुटली ती बायकोमुळे. एकदा जाळ्यात गाभण मादी आली. तात्यांची बायको, कुशाबाई, तिनं ती बघितली आणि त्या दिवशी चूल पेटवली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी तात्यांनी वाघूर माळ्यावर टाकली. कुशाबाईनं तेव्हाच सांगून ठेवलं होतं की पुन्हा खाली काढलीत तर ही चूल कायमची विझली समजा. तात्या हे मला हसत सांगायचे, पण हसताना इकडंतिकडं बघून घ्यायचे.

मग भाडेपट्टा संपला. रान गोदामवाल्यांकडे गेलं आणि एका महिन्यात सरसकट सगळं तुटलं. बुंधेसुद्धा जेसीबीनं उपटले, वर मुरूम अंथरला, रोलर फिरवला. कड अशी कुठं उरलीच नाही. चहूबाजूंनी सिमेंटची भिंत आली. वरच्या अंगाला डंपर यायला तेवढं एक खिंडार ठेवलेलं. तात्यांना जुनी माहिती म्हणून वॉचमन ठेवलं. कशाची माहिती, ते कोणी विचारलं नाही.

एका संध्याकाळी तात्यांनी मला सिमेंटच्या पोत्यांमागे बसवलं आणि गप राहायला सांगितलं. पाच चाळीस झाले होते. ऊन चांगलं होतं. भिंतीच्या कोपऱ्यात तोडलेल्या फांद्यांचा ढीग पडून होता, त्यातून एक भेकर निघालं.

मादी होती. इथंच जन्मलेली, तात्या कुजबुजले. भिंत बांधली तेव्हा आतच राहिली. खिंडारापलीकडच्या नाल्याला पाणी होतं, तिकडं निघाली होती. मी म्हटलं, आता उघड्यावरून सरळ पळेल. ती पळाली नाही. पाय उचलून टाकत चार पावलं सरळ आली, डावीकडे वळली, अंग चोरून तिरकी झाली. ज्या जागी तिनं मान खाली घातली, त्या जागी माझ्या शेजारी बसल्या बसल्या तात्यांनीही मान खाली घातली. मी हसणार होतो. हसलो नाही.

मधोमध एका जागी ती थांबली आणि मोठा वळसा घालून पुढं गेली. तात्या म्हणाले, ती जुळी. एकदा तोडल्यावर एकाच बुंध्याला दोन खोडं फुटली होती, म्हणून जुळी.

मी दुसऱ्या दिवशी ही गोष्ट जेसीबीवाल्या सनीला सांगितली. वाटलं, हा तरी टिंगल करील. सनी म्हणाला, त्या जागेवरनं मशीन न्यायला मला पण नको वाटतं, भावा. भर बारा वाजता तिथं अंगावर सावली पडल्यासारखी वाटते. एवढं बोलून त्यानं तंबाखू मळायला घेतली आणि विषय बदलला.

हे ओमशेठच्या कानावर गेलंच. ओमशेठ म्हणजे सपाटीकरणाचा ठेकेदार. वय माझ्याएवढंच, गळ्यातली साखळी माझ्या वयाएवढी जाड. सोमवारी खिंडार बुजणार होतं आणि रविवारी संध्याकाळी त्यानं साहेब लोकांना जेवण ठेवलं होतं. कोंबडी काय, कोणीही घालतं. त्यानं तात्यांना बोलावून सांगितलं की माळ्यावरची वाघूर काढा. तात्यांनी सांगितलं, सोडलंय. त्यावर तो गोड आवाजात म्हणाला की वाकडं चालणारा म्हातारा मी गेटवर ठेवलाय, तो कशासाठी? दुसरीकडं कुठं ठेवून घेतील का, बघा विचारून.

ते खरं होतं. चाकणमध्ये पासष्टीच्या माणसाला गेटवर आतल्या बाजूनं उभं राहायला कोणी देत नाही. इकडं नोकरी, तिकडं कुशाबाईची चूल. मी तात्यांना एक चलाख सल्ला दिला, की चुकीच्या जागी बांधा, मादी निसटेल, कोणाला कळणार?

तात्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मला पोत्यातल्या सिमेंटएवढी किंमत राहिली नाही. "हाताला खोटं येत न्हाई रं," म्हणाले. "बांधायचीच, तर तितंच बांधायला लागंल."

रविवारी चार वाजता त्यांनी वाघूर आणली. कुशाबाईला काय सांगितलं ते मी विचारलं नाही. मोकळ्या मैदानाच्या मधोमध दोन सळया ठोकल्या आणि जाळं टांगलं, आडवं नाही, तिरकं. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, कुणी धुणं वाळत घातलंय. मग त्यांनी ओमशेठला सगळं खरंखरं समजावलं. जनावर सरळ येणार नाही, जुळीला वळसा घालील आणि बरोबर इथून निघेल.

"कुठली जुळी?" ओमशेठनं विचारलं.

तात्यांनी रिकाम्या जागेकडे बोट केलं.

ओमशेठनं आमच्याकडे बघून डोळा मारला. वीस एकर उघडं पडलेलं असताना घाबरलेलं जनावर जाळ्यापर्यंत वळत कशाला येईल? फांद्यांच्या ढिगापासून खिंडारापर्यंत नाकासमोर पळेल, हे शेंबड्या पोराला कळतं. त्यानं सळया उपटायला लावल्या आणि जाळं खिंडाराच्या तोंडाशी नेऊन आडवं बांधलं. मातीत दोन भोकं राहिली होती, ती तात्यांनी पायानं बुजवली.

पाच-साडेपाचला हाका सुरू झाला. सनी आणि आठ-दहा जण घमेली बडवत कोपऱ्याकडून निघाले. मादी ढिगातून उडाली आणि भुंकली. इतक्या जवळून ते भुंकणं ऐकलं की मान आपोआप कुत्रा शोधायला वळते, आणि कुत्रा कुठंच नसतो. ती जीव घेऊन पळत होती. पण पळत होती ती नागमोडी. डावीकडे, तिरकी, मान खाली, पुन्हा उजवीकडे, त्या वेगात एकाही वळणाला चूक नाही. घमेल्यांचा आवाज हळूहळू बंद पडला. बडवणाऱ्यांना आपण काय बघतोय ते कळायला लागलं होतं.

जुळीपाशी ती वळली. वळसा घालून मागं गेली आणि पुढं निघालीच नाही.

ऊन होतं. जमीन सपाट होती. आम्ही बारा जण बघत होतो. मागं गेली म्हणजे कशाच्या मागं, हे मला विचारू नका.

ओमशेठ जाळ्याजवळून धावला, सरळ त्या जागेवर. पोचला आणि उताणा पडला. उठवला तेव्हा कपाळाच्या मधोमध आवळ्याएवढं टेंगूळ होतं. म्हणाला, ठेच लागली. आम्ही हो म्हणालो. ठेच कपाळाला लागत नाही, पण ठेकेदाराला हे कोण सांगणार? सकाळीच पाणी मारून रोलर फिरवलेला होता, त्यामुळे मुरमात खूर स्पष्ट उठले होते. मी वाकून पाहिले. अर्ध्या वळशापर्यंत होते. पुढं मुरूम कोरा.

साहेब लोकांनी कोंबडी खाल्ली. ओमशेठ तात्यांना काढू शकला नाही, कारण सगळ्यांसमोर तात्यांनी दाखवलेली जागा त्यानंच बदलली होती. मी तात्यांना म्हटलं, तुम्ही मोठे बेरकी.

"म्या खरंच सांगितलं," तात्या म्हणाले. "त्याला पटलं न्हाई."

वाघूर त्यांनी त्याच संध्याकाळी नाल्याकाठी जाळून टाकली. सोमवारी खिंडार बुजलं. पुढं वर्षभरात पत्र्याचं गोदाम उभं राहिलं, आत उंच रॅक लागले, गुळगुळीत फरशी झाली. मी तिथंच स्टोअरला राहिलो. सनी फोर्कलिफ्टवर आला. जुळीची जागा चौदा नंबरच्या रॅकसमोर आली. तिथं पिवळ्या पट्ट्यांचा रस्ता सरळ आखलाय, आणि प्रत्येक फोर्कलिफ्ट तिथं थोडी वळते. सुपरवायझरनं दोनदा दम दिला. ड्रायव्हर म्हणतात, वळवत नाही, वळते. कधी कधी दुपारी त्या रॅकपाशी निलगिरीचा पाला चुरगळल्याचा वास येतो. आमच्याकडं माल सगळा गाड्यांच्या सुट्या भागांचा.

तात्यांनी एक काम लावून घेतलं. रोज पाच चाळीसच्या जरा आधी गेटवर दुसऱ्याला बसवून आत यायचे, चौदा नंबरसमोर प्लास्टिकचं स्टूल घेऊन दहा मिनिटं बसायचे, जायचे. गुडघे गेले होते. कुशाबाई मला निरोप धाडायची, त्यांना सांग, बास झालं, घरी बसा. मी सांगितलं. तात्या रॅककडे बघत म्हणाले, "ती अजून भाईर आली न्हाई ना. तिला जाऊ दे, मंग मीबी जातो. म्याच कोंडल्यावानी हाय ते."

मी म्हटलं, तुम्ही कुठं कोंडलं? तात्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. वाघूर माळ्यावरून मीच काढली, एवढं म्हणाले.

परवा शिमग्याच्या आधीचा मंगळवार. तात्या स्टुलावर, मी माझ्या टेबलाशी. मागच्या अंगाला आमचं आपोआप वर जाणारं शटर आहे. समोर फोर्कलिफ्ट आली की सेन्सरला कळतं. सनीनं भर रस्त्यात ब्रेक दाबला. मी वर पाहिलं तर त्याच्यापुढं काही नव्हतं, आणि तो रॅकपासून शटरकडे सावकाश मान वळवत होता. रस्ता ओलांडणाऱ्याला जाऊ देतात, तसा. मग लांब, तिकडच्या टोकाला, शटर वर गेलं. बाहेरचं ऊन फरशीवर आलं. शटर नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ उघडं राहिलं, मग खाली आलं. पत्र्यापलीकडून एकदा भुंकल्याचा आवाज आला.

आवारात कुत्रा नाही. कंपनी ठेवू देत नाही.

तात्या उठले. स्टूल भिंतीला लावलं. दारातून बाहेर पडून गेटकडे निघाले, आणि मी पहिल्यांदा त्यांना सरळ चालताना पाहिलं. नाकासमोर, खांदा न चोरता, मान वर. गेटच्या केबिनमध्ये शिरले, थोडा वेळ वाकून काही लिहिलं, सायकल काढली आणि गेले. त्यांची शिफ्ट सातपर्यंत होती.

दुसऱ्या दिवशी आले नाहीत. वाडीवरून निरोप आला, तब्येत ठणठणीत आहे, आता येणार नाहीत. मी गेटवर जाऊन रजिस्टर उघडलं. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पानावर, तात्यांच्या त्या चौथी शिकलेल्या मोठ्या अक्षरात, शेवटच्या दोन ओळी होत्या.

नाव: भेकर, मादी. कुठून आले: इथलीच. कोणाकडे काम: न्हाई. आत: आधीपासून. बाहेर: ५.४०.

नाव: सावळाराम. कुठून आले: इथलाच. कोणाकडे काम: व्हतं. आत: ७.००. बाहेर: ५.४१.