शेवटच्या चौकटीतलं नाव

गावडेकाका गेले हे मला तेराव्यानंतर कळलं. लालबागच्या बाजारात काकू दिसल्या आणि त्यांचं मोकळं कपाळ बघून माझे पायच थांबले. "कोणी सांगूक नाय तुका?" काकूंनी विचारलं. कोण सांगणार? आठ वर्षं मी त्यांच्या घराची पायरी चढले नव्हते.

संपानंतर गिरणी सुटली आणि काका चाळिशी उलटल्यावर कॉम्प्युटर शिकले. लग्नपत्रिका, मंडळांच्या स्मरणिका, सगळं परळच्या त्यांच्या खोलीत व्हायचं. मी टाइप करायची, ते पानं लावायचे. मी म्हणायची, माझ्या वर्ड प्रोसेसरमध्येसुद्धा दोन कॉलम पडतात, कशाला एवढा खटाटोप? ते चिडायचे. "तुझ्यात एक ओळ घातली की फोटो एकीकडे, नाव भलतीकडे. माझा कॉलम जागचा हलत नाय." खरंच हलत नसे. त्यांच्या पानं लावायच्या डीटीपी सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक कॉलमची वेगळी चौकट. एक भरली की मजकूर पुढच्या चौकटीत जायचा. माझ्याकडे मजकूर वाढला तर नवं पान उघडायचं. त्यांच्याकडे मात्र शेवटच्या चौकटीत न मावलेलं दिसायचंच नाही, छापलंही जायचं नाही. तळाशी बारीकशी लाल खूण तेवढी यायची.

मग काकांच्या गिरणीतल्या मरण पावलेल्या कामगारांच्या नावांची अकारविल्हे पुस्तिका काढायचं ठरलं. माझे वारलेले बाबाही तिथलेच, पण संप मोडून कामावर गेले होते. त्यांचं नाव टाइप करायचा मला धीर झाला नाही. पण पानं छपाईला निघाली त्या सकाळी राहवेना... "काका, बाबांचं नाव घाला ना." वाटलं, ओरडतील. संपात स्वतःच्या घरी चूल पेटत नव्हती त्यांच्या. ते एवढंच म्हणाले, "आंगणे. म्हणजे पयलंच की." नाव घालून ते नेहमीसारखं शेवटचं पान तपासायला गेले, तर मीच अडवलं. प्रेसवाला खोळंबलाय, द्या लवकर.

पुस्तिका वाटली त्या सभेत नवऱ्याचं नाव शोधत हळदणकरवहिनी उठल्या. "माझो घोव खंय?" वर एक नाव वाढलं आणि यादीतलं शेवटचं नाव गळलं होतं. लोक काकांवर तुटून पडले. मी बोलले असते तर बाबांचा विषय निघाला असता, म्हणून खाली मान घालून बसले. काका म्हणाले, "चूक माझी. मी तपासलं नाय." माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

पुढे महिनाभर ते घरोघर फिरून प्रत्येक प्रतीत ते नाव पेनाने लिहीत होते. माझ्याकडेही आले. दारातच उभं राहून लिहिलं. चहा घ्या म्हटलं, तेवढंच म्हटलं... "सुकू दे गो, लगेच मिटू नको," म्हणाले आणि जिना उतरले. त्यानंतर लाजेने मी तिकडे फिरकलेच नाही.

आज तीच प्रत पुढ्यात आहे. पहिल्या पानावर बाबा छापलेले, शेवटच्या पानावर हळदणकर, गावडेकाकांच्या अक्षरात. वहिनीही आता नाहीत. घाई मी केली होती, काका. आठ वर्षांनी हे लिहून छापायला देतेय, आणि वाचायला तुम्ही नाही.