ओट्याएवढी गाडी

वरवट बकालच्या सरस्वतीबाईंचा गुरुवार कधी चुकला नव्हता. सकाळी पिठलं-भाकरीचा डबा बांधायचा, शेगाव गाठायचं, गजानन महाराजांपुढे माथा टेकायचा आणि उन्हं चढायच्या आत घरी. आधी एसटीनं जात, मग लेकानं, अविनाशनं, सात जणांची उंच गाडी घेतली तेव्हापासून गाडीनं. आणि त्या गाडीनंच घात केला.

बाईंचे गुडघे वाकेनासे झाले होते. पायदानावर पाय ठेवून अंग वर ओढायचं म्हणजे डोळ्यांपुढे काजवे. अविनाशनं प्लास्टिकचं स्टूल आणलं, तर स्टुलाचाच पाय मोडला. बाईंचा मोडला नाही ही महाराजांचीच कृपा. शेवटी तो मागून दोन्ही हात लावून आईला आत लोटू लागला. असंच एकदा शेगावच्या पार्किंगमध्ये, भर गर्दीत, शेजारची रेणुका बोलून गेली, "काकू, तुरीचं पोतं बी याहून सुधं चढते व!"

बरोबरच्या आळीतल्या सगळ्या हसल्या. बाईही हसल्या. पण पुढच्या गुरुवारी त्यांनी मुगाच्या वड्या घालायला काढल्या. त्याच्या पुढच्या गुरुवारी पाहुणे यायचे होते, ते काही आले नाहीत. "महाराज घरात बी हायेत," म्हणत त्या तसबिरीला हार घालायच्या. मात्र हार घालताना नजर वर जायची नाही.

एके दिवशी ओट्यावर मेथी निवडता निवडता बाईंच्या ध्यानात आलं, की ओट्यावर आपण कुणाचा हात न धरता बसतो आणि उठतोही. पाठ करायची, बूड टेकायचं, मग पाय उचलून घ्यायचे. त्यांनी सुतळी आणली, ओट्याच्या काठापासून जमिनीपर्यंत सोडली, गाठ मारली आणि हाक दिली, "अविनाश, मले गॅरेजवर ने. गाडी खाली करून घ्याची हाये."

"काय?" अविनाशनं चहाचा कप खाली ठेवला. "हे पोट्ट्यांचे धंदे हायेत, माय. लोकं म्हनतीन, अविनाशले चाळिशीत मिसरूड फुटलं."

"फुटू दे. मले शेगाव दिसू दे."

"अन् शेतात कशी न्यावी मी?"

"शेतात न्याले ट्रॅक्टर हाये ना दारात!"

फाट्यावर शाकिरचं गॅरेज. गाड्या बुटक्या करून घ्यायला हौशी पोरं त्याच्याकडे येतच असत.

"कोनत्या पोट्ट्यासाठी, मौशी?" त्यानं विचारलं.

"माह्यासाठी."

शाकिरचा पाना हवेतच राहिला. "तुमच्यासाठी? रेस लावून राह्यल्या का?"

"हाव. महाराजाच्या दारापर्यंत."

बाईंनी गुडघे दाखवले, सुतळी दाखवली. शाकिरनं थट्टा बाजूला ठेवली आणि सुतळी सीटच्या काठाला लावून पाहिली. "समोरच्या स्प्रिंगा आखूड टाकतो, मांगचे पाटे उतरवतो. चार बोटं खाली येईन. त्याहून जास्त नाई करत, गाडी रस्त्यावर चालाले पाह्यजे. राह्यलेली कसर सीटच्या गादीतून काढतो. बसनार किती जन?"

"मी अन् अविनाश. दोघंच."

भिशीचे पैसे पदराच्या गाठीत होते. बाईंनी निम्मे आगाऊ दिले, उरलेले गाडी आणायला गेल्यावर. देण्याआधी गाडीला पाठ केली, टेकल्या आणि एकेक पाय आत घेतला. सुतळीची गाठ नेमकी सीटच्या काठाला लागत होती.

"बिस्मिल्ला, मौशी!" शाकिर म्हणाला.

"जय गजानन!" बाई आतून म्हणाल्या.

गुरुवार उजाडला. बाई पुढच्या सीटवर ऐटीत बसल्या, अविनाशनं चावी फिरवली, तोच डबे घेऊन रेणुका, तिची सासू आणि आणखी तिघी हजर. "काकू, जागा हाये ना?"

आता आळीतून शेगावची गाडी रिकाम्या सीटांनी गेल्याचं कुणाच्या आठवणीत नाही. महाराजांच्या वाटेवर नाही म्हणायला जीभ कुणाची उचलते? बाईंनी सुतळी मोजली होती, आळी मोजायची राहिली होती.

शाळेसमोरच्या ब्रेकरवर गाडीच्या पोटाखालून आवाज आला, खर्रर्र! अविनाशनं उतरून खाली वाकून पाहिलं. काही तुटलं-फुटलं नव्हतं, पण चेहरा असा, जणू त्याचंच पोट खरडलं. "उतरा सगळ्या!"

"अन् काकू?"

"माय बसन."

गाडी हळूच ब्रेकर ओलांडे आणि मागून पाची जणी डबे सावरत येत, सगळ्यात शेवटी रेणुकेची सासू, गुडघा दाबत. पुढच्या फाट्यावर तेच, त्याच्या पुढच्या गावात पुन्हा तेच. रेणुका वैतागली. "काकू, नवरीवानी बसल्या तुमी, अन् वऱ्हाड चाललं पायी!"

बाईंनी खिडकीतून मान बाहेर काढली. "तुरीचं पोतं कधी पायी चालते का व, रेनुका?"

रेणुकेची सासूच आधी हसली. मग रेणुकाही कपाळावर हात मारून हसत सुटली.

शेगावला अविनाश सवयीनं दार धरायला धावला, तोवर बाई जमिनीवर उभ्या. पदर नीट केला आणि चालू लागल्या. दर्शनाला त्यांनी मान वर करून मूर्तीकडे डोळे भरून पाहिलं. "उशीर झाला, माउली," एवढंच म्हणाल्या.

परतताना सगळ्यांच्या हातात कचोऱ्या. शाळेसमोर पाची जणी न सांगताच उतरल्या.

"थांब," बाई म्हणाल्या.

"काय राह्यलं, माय?"

"मी बी उतरतो."

"तू काऊन? बस ना आरामात!"

पण बाईंचे पाय केव्हाच बाहेर आले होते. रेणुकेच्या कोपराला धरून त्या ब्रेकर चढल्या, उतरल्या, पलीकडे गाडीशी आल्या. रेणुकेनं वर चढवायला पाठीला हात लावला.

"हात काढ."

बाईंनी पाठ केली, टेकल्या, एक पाय घेतला, दुसरा घेतला आणि दार स्वतःच ओढलं.

"चाल, अविनाश. अन् पुढच्या गुरुवारी रेनुकेच्या सासूले समोर बसव. तिचे बी गुडघे गेले हायेत."