धाकटीची लाल ओळ

माझ्या धाकट्या जावेचं कौतुक करायला माणसांची कमतरता नाही, तेव्हा मी केलं नाही तरी चालेल. आम्ही एकाच घरात आणि एकाच ऑफिसात. ती खरेदी विभागात, मी एचआरमध्ये. म्हणजे दिवसभर सुटका नाही.

दोन वर्षांपूर्वी सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं. मी म्हटलं, मला नोकरी सोडवणार नाही. हिनं लगेच सहा तासांची ड्यूटी मागून घेतली, त्या मानानं पगारही कापून घेतला. तेव्हापासून औषधं ती देते, वेणी ती घालते, अंथरूण ती बदलते. मी आठ तास राबून दारात पाऊल ठेवलं की सासूबाई विचारतात, "धाकटी कुठंय गं?" मला जळायला एवढं पुरतं.

यंदा पगाराच्या मर्यादांचा रिपोर्ट माझ्या गळ्यात आला. प्रत्येक पदाला खालची आणि वरची मर्यादा असते. वरची ओलांडली की ओळ लाल, आणि वाढ बंद. खालच्याहून कमी असेल तर पगार तिथवर आणून द्यायचा. बघते तर धाकटीची ओळ लालभडक! खोटं कशाला सांगू, मला गुदगुल्या झाल्या. मी चक्क चहा मागवला.

चहा संपेपर्यंत डोक्यात खुटखुट सुरू झाली. एकोणतीस हजारवाली वर कशी गेली? तिच्या पदाला आठ तासांचे चाळीस ते पन्नास हजार. सहा तासांना पाऊण पट, म्हणजे तीस ते साडेसदतीस. ते मी केलं होतं. पण तिचा पगारही आठ तासांचा धरून साडेअडतीस हजारांच्या वर फुगवला होता. दोन्हींपैकी एकच करायचं असतं. चूक माझीच. नीट धरलं तर बाई खालच्या मर्यादेच्याही हजारानं खाली.

कुणाला कळलं नसतं. साहेब लाल ओळी मोजतात आणि सही करतात. मी दोनदा रिपोर्ट तसाच पाठवायला गेले. शेवटी चरफडत दुरुस्त केला आणि पाठवला.

पुढच्या महिन्यात धाकटी घरभर नाचली. "ताई, न मागता हजार वाढले! तुमच्या खात्यात कुणीतरी देवमाणूस आहे हो. कोण आहे?"

"आम्हाला सांगता येत नाही," मी म्हटलं. रिपोर्ट गुप्त असतो.

सासूबाईंनी तिच्या गालावरून हात फिरवला. "गुणाची पोर. कुणाचं वाईट चिंतत नाही, म्हणून आपसूक मिळतं." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तूही शिक जरा हिच्याकडून."

मी "हो" म्हटलं.