ओतीव घुबड

हुपरीत घरोघरी चांदीचं काम चालतं, तसं आमच्याकडंही चालतं. लग्न होऊन आले तेव्हापासून मी पैंजणांना घुंगरं जोडते, साच्यातून निघालेल्या नगांच्या कडा कानशीनं घासते. त्यामुळं चाळिशीत मला जुन्या ग्रीक नाण्यांचा नाद लागला तेव्हा सासूबाईंना काही वाटलं नाही. "चांदीच हाय की," त्या म्हणाल्या, "फक्त पायात घालायची न्हाय, एवढंच."

नवल वाटलं ते कोल्हापुरातल्या नाणी जमवणाऱ्यांना. महिन्यातून एका रविवारी एका वाचनालयाच्या माडीवर ते जमतात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा दारातच एकानं विचारलं, "मिस्टर गाडी लावताहेत का?"

"मिस्टर हुपरीत हायत," मी म्हणाले. "नाणी माझी हायत."

पहिल्या वर्षात मी घरबसल्या तीन ग्रीक नाणी घेतली. तिन्ही खोटी निघाली. ते मला कुणी सांगितलं नाही. एका दुपारी कामाच्या पाटावर आमचे ओतलेले नग पडले होते, त्यांच्याशेजारी मी नाणी ठेवली आणि भिंगातून पाहिलं. दोन्हीकडं तेच बारीक खड्डे. चांदी साच्यात ओतताना हवा अडकली की पडतात तसे. जुनं नाणं ओतीव नसतं. तापवलेल्या चकतीवर ठसा ठेवून वर हातोडा मारलेला असतो, म्हणून त्याच्या रेघा ताठ उठतात. माझ्या नाण्यांवरचे राजे साबण विरघळावा तसे दिसत होते. त्या दिवशी मी जेवले नाही. पण नाणी फेकलीही नाहीत.

मग तो रविवार आला. बाहेरगावचा एक व्यापारी मखमलीचा ट्रे घेऊन आला होता. मधोमध अथेन्सचं घुबडाचं नाणं, चांगलं जाडजूड. आमच्यातले एक निवृत्त हेडमास्तर ते घ्यायला निघाले होते. पेन्शनीतून साठवून त्यांनी पैसे आणले होते. नाणं हातोहात फिरत माझ्याकडं आलं. मी आधी काठ पाहिला. काठावर एका दिशेनं गेलेल्या बारीक तिरक्या रेघा. तसल्या रेघा मी रोज पाडते.

"मास्तर, घेऊ नका," मी म्हणाले. "हे ओतलंय. साच्याचे दोन भाग जुळतात तिथली शिवण कानशीनं घासून काढलीय."

व्यापारी हसला. "ताई, तुमचा विषय पैंजण. हे अडीच हजार वर्षांपूर्वीचं आहे. वजन करून बघा."

वजन केलं. बरोबर भरलं. आता सगळेच हसले.

"वजन मीबी बरोबर भरून देईन," मी म्हणाले. "चांदी तेवढी ओतली की झालं."

मंडळाचे अध्यक्ष उठले. "वहिनी, पाहुण्यांचा अपमान होतोय. खाली बसा."

मी बसले नाही. व्यापाऱ्याला म्हणाले, "खरं हाय न्हवं? मग पावतीवर लिवून द्या, खोटं ठरलं तर परत घेईन म्हणून."

मास्तरांनी त्याच्याकडं पाहिलं. तो घड्याळाकडं पाहू लागला. असं लिहून द्यायची आमची पद्धत नाही, म्हणाला, आणि ट्रे बंद केला. मास्तरांनी पैसे परत खिशात घातले.

मला वाटलं, आता कुणीतरी बरं बोलेल. दुसऱ्या दिवशी अध्यक्षांचा फोन आला. व्यापारी दुखावलाय, तुम्ही माफी मागा, नाहीतर तो पुन्हा यायचा नाही.

"यायचा न्हाय तर बरंच की," मी म्हणाले. संध्याकाळपर्यंत मला मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधून काढलं होतं.

नवरा म्हणाला, "कशाला नडतीस? घरात बसून जमव की."

"घरात बसून खोटीच गोळा झाली," मी म्हणाले.

पुढच्या महिन्यातल्या रविवारी मी गेले. वाचनालय सगळ्यांचं आहे. पुढच्या खुर्चीवर बसले आणि टेबलावर माझी तिन्ही खोटी नाणी मांडली, शेजारी आमच्या घरचे ओतलेले नग आणि भिंग. म्हणाले, "ही मी फसून घेतलेली हायत. ज्याला बघायचंय त्यानं बघावं. माफी मागायला आलेली न्हाय."

मग मास्तर उठले. त्यांनी भिंग उचललं, एकेक नाणं पाहिलं आणि खिशातून स्वतःचं एक जुनं नाणं काढून माझ्या रांगेत ठेवलं. "मला वाटतच होतं," एवढंच बोलले. मग आणखी एकानं पाकीट उघडलं. दुपारपर्यंत टेबलावर अकरा नाणी झाली होती. सगळी खोटी, आणि सगळी कधी ना कधी कौतुकानं मिरवलेली.

अध्यक्ष त्या दिवशी टेबलाजवळ आले नाहीत. माफी त्यांनीही मागितली नाही. ग्रुपमध्ये मला अजून घेतलेलं नाही. मी दर महिन्याला जाते, आणि आता लोक आपली नाणी माझ्यापुढं तपासायला ठेवतात.

गेल्या महिन्यात मात्र अध्यक्षांनीही एक छोटं नाणं माझ्यापुढं सरकवलं. एका बाजूला शिरस्त्राण घातलेला यवन, म्हणजे ग्रीक, राजा, दुसऱ्या बाजूला देवी. सगळे बघत होते. खोटं म्हणाले असते तर पुरा सूड उगवला असता, आणि तो मोह झाला नाही असं मी म्हणणार नाही. मी काठ पाहिला. कानशीची रेघ कुठंच नव्हती. हातोड्याच्या घावानं पडलेली एक बारीक चीर, राजाचं नाक झिजलेलं, पण जबड्याची रेघ अजून ताठ.

"खरं हाय," मी म्हणाले आणि नाणं परत दिलं.

त्यांनी ते रुमालात गुंडाळलं. आभार मानले नाहीत. मी पुढचं नाणं मागितलं.