जनरलची बहीण

वुल्का गावच्या डेअरीवर सकाळी दुधाच्या कॅनची रांग लागली, की बायकांच्या गप्पांना ऊत यायचा. गेनोव्हेफा, सगळ्यांची गेन्या, किल्ल्यांचा जुडगा घेऊन वळणावर दिसली, की त्या गप्पा थांबायच्या. गप्प बसा असं कुणी कुणाला सांगत नसे. कुणी खोकायचं, कुणी घोड्याचा पट्टा उगाच आवळायचं, आणि मग यंदा बटाट्याला कीड फार असं काहीतरी निघायचं. गेन्या कुलूप काढायची, दूध मोजायची, फॅट काढायची, आकडा सांगायची. मापात तिनं कधी कुणाला फसवलं नाही, हे सगळे मानत. पण माप चोख असून काय उपयोग? ती लुद्विक कोशोरची बहीण होती.

लुद्विक तिच्याहून चार वर्षांनी मोठा. लहानपणी दोघं अनवाणी पायांनी गुरं राखायची. थंडीत पाय गारठले, की गाय उठून गेलेल्या उबदार जागेवर उभं राहायचं, हे त्यानंच तिला शिकवलं. दुसरं महायुद्ध संपत आलं तेव्हा पूर्वेकडून आलेल्या फौजेबरोबर तो निघून गेला. बापाला वाटलं, पोरगा शिपाई झाला. शरद ऋतूत तो परतला तो जिल्ह्याच्या गावातल्या सुरक्षा खात्यात नोकरी धरून. पायात नवे बूट, कमरेला पिस्तूल. जेवायला बसताना त्यानं ते काढून टेबलावर पावाशेजारी ठेवलं. आईनं काही न बोलता त्यावर फडकं टाकलं.

त्याच हिवाळ्यात शेजारच्या पाशेकांच्या फेलिक्सला पकडलं. त्या फौजेनं बसवलेलं नवं सरकार न मानणारी पोरं तेव्हा जंगलात राहत, फेलिक्स त्यांतलाच. अधूनमधून अंघोळीला आणि कपडे बदलायला तो घरी यायचा. असाच आलेला असताना पहाटे ट्रक आला आणि त्याला घेऊन गेला. ट्रकमध्ये लुद्विक होता का, हे कुणी पाहिलं नाही. पण पाशेकांच्या चुलीवर अवेळी पाण्याचा हंडा चढला म्हणजे काय समजायचं, हे शेजारच्या घरात वाढलेल्या माणसाशिवाय कुणाला ठाऊक असणार? गावानं आपल्या मनाशी ठरवून टाकलं. फेलिक्स परत आला नाही. त्याची कबरही कुणाला दाखवली गेली नाही.

फेलिक्सची बहीण पोला ही गेन्याची शाळेतली मैत्रीण, एका बाकावरची. त्या दिवसानंतर पोला तिच्याशी बोलायची ती फक्त डेअरीवर, तेही लिटरचा आकडा. लग्न झालं तरी पोलाचा नवरा पाशेकांच्याच शेतावर राहायला आला, त्यामुळे रोज समोरासमोर येणं सुटलं नाही.

आईच्या मर्तिकाला लुद्विक आला तेव्हा गेन्यानं धीर करून त्याला फेलिक्सबद्दल विचारलं होतं. तो तोवर कॅप्टन झाला होता. म्हणाला, "गेन्या, तू दूध मोज. तुझ्या दुधात पाणी किती, हे मी विचारतो का?"

पुढे तो वॉर्सात गेला, मेजर झाला, कर्नल झाला, आणि एक दिवस जनरलच्या वेषात त्याचा फोटो पेपरात आला. सगळं सुरक्षा खातं आता त्याच्या हाताखाली. तो एकेक पायरी चढायचा आणि इकडे गेन्याच्या घरावर काहीतरी येऊन पडायचं. तिचा नवरा इग्नात्सी लाकडाच्या गिरणीत साधा कामगार. त्याला न मागता फोरमन केलं. सोबत्यांनी त्याच्या शेजारी बसून डबा खाणं सोडलं, तेव्हा तो एकटाच लाकडांच्या ढिगामागे जाऊन खायला लागला. गावात डांबरी रस्ता आला, तो त्यांच्या फाटकापर्यंत येऊन थांबला. मग एका गाडीतून दोन माणसं टेलिफोन घेऊन आली. गेन्या म्हणाली, आम्ही अर्जच केला नव्हता. त्यांतला एक म्हणाला, "अर्ज वरूनच आलाय, बाई." लोक फोन करायला येत, पण तारेवर कोण ऐकतंय या धास्तीनं नुसतं हवामान बोलून पैसे ठेवून जात. कुणीतरी मुलीच्या पासपोर्टासाठी जिवंत बदक घेऊन आलं, तेव्हा गेन्या गोठ्यात लपून बसली आणि इग्नात्सीनं त्या माणसाला ती घरी नाही असं सांगितलं.

इग्नात्सी गेला तेव्हा लुद्विक काळ्या गाडीतून आला. देव न मानणाऱ्या सरकारच्या खात्याचा प्रमुख चर्चमध्ये पाऊल टाकू शकत नव्हता. प्रार्थना चालू असताना तो बाहेर झाडाखाली टोपी हातात धरून उभा राहिला. आत गेन्याला नवऱ्याच्या शवपेटीपेक्षा तेच डोळ्यांसमोर दिसत होतं, आणि त्याची तिला लाज वाटत होती.

मग एक्क्याऐंशी सालचा डिसेंबर आला. रविवारी सकाळी टीव्हीवर एकच घोषणा पुन्हा पुन्हा चालू होती: देशात लष्करी कायदा. पोस्टाचा फोन बंद, पाद्रीबाबांचा बंद, डॉक्टरांचा बंद. पुलावर रणगाडा उभा आहे म्हणे. गेन्यानं चर्चला निघण्याआधी सहज रिसीव्हर उचलला. आत नेहमीसारखी घरघर चालू होती. तिनं तो घाईनं खाली ठेवला आणि वर उशी दाबली. प्रवचन कसलं आणि प्रार्थना कसली. तिचं सगळं ध्यान घराकडे. आपण इथं असताना तो वाजला आणि रस्त्यावरच्या कुणी ऐकला तर?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दार वाजलं. दारात पोला. फेलिक्सला नेल्यापासून तिनं हा उंबरा ओलांडला नव्हता. बुटांवरचा बर्फ झटकून ती आत आली, पण बसली नाही. तिचा एकुलता एक मुलगा विटेक लुब्लिनला ट्रॅक्टरच्या कारखान्यात होता, कामगार संघटनेतही होता. त्याला पोलिसांनी दार फोडून उचललं होतं, पायात सपाता होत्या तशाच. सून रडत आगगाडीनं आली होती. कुठं नेलंय, कुणी सांगत नव्हतं.

"मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही," पोला म्हणाली. "तुझा फोन चालतो का?"

"नाही," गेन्या म्हणाली. "सगळ्यांचे बंद, तसा माझाही."

एवढं ती बोलली आणि उशीखाली फोन वाजायला लागला.

दोघी त्या उशीकडे बघत राहिल्या. गेन्याला वाटलं, बंद होईल. तो वाजतच राहिला.

"उचल," पोला म्हणाली.

लुद्विकच होता. आवाज थकलेला. कोळसा आहे का घरात, पीठ आहे का, काही दिवस कुठं जाऊ नकोस, कुणी काही बोललं तर ऐकून घे. मग त्यानं विचारलं, तिथं कोण आहे. गेन्या म्हणाली, कुणी नाही. आणि पुढच्याच श्वासाला म्हणाली, "लुद्विक, पोलाचा विटेक. त्याला उचललंय."

 "पूर्ण नाव?" त्यानं विचारलं. तिनं सांगितलं. "कुठला कारखाना?" तेही सांगितलं. "संघटनेत काय होता?"

गेन्यानं पोलाकडे पाहिलं. पोला मान हलवत होती, नको, नको.

"मला माहीत नाही," गेन्या म्हणाली.

"बघतो," असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

पोलानं विचारलं, त्यानं नाव लिहून घेतलं का. गेन्याला ते कसं कळणार? पोला निघून गेली आणि गेन्या तशीच स्टुलावर बसून राहिली. आता तिच्या मनानं घेतलं. एवढ्या माणसांच्या गर्दीत पोलाचा विटेक कोण, हे त्याला ठाऊक तरी होतं का? आपणच सांगितलं. नाव सांगितलं, कारखाना सांगितला. सोडवायला सांगितलं म्हणून सोडवलंच, असला लुद्विकचा स्वभाव असता तर फेलिक्सचं तसं झालं असतं का?

पुढचे आठवडे तिचा जीव टांगणीला लागला. डेअरीच्या फाटकापाशी कुठलीही गाडी मंदावली की ती माप खाली ठेवून बाहेर बघायची. पोला रोज रांगेत यायची, आकडा ऐकायची आणि नजर वर करून बघायची. गेन्या नाही म्हणून मान हलवायची, तेवढंच. नाताळच्या आदल्या संध्याकाळी रीतीप्रमाणे तिनं अनाहूत पाहुण्यासाठी एक जादा ताट मांडलं. समोर माशाचं कालवण गार होत गेलं. लुद्विकला पुन्हा फोन करावा असं तिच्या फार मनात येई, पण रिसीव्हरला हात लावायची हिंमत झाली नाही. पुन्हा आठवण करून दिली आणि ती वाईटच ठरली तर?

फेब्रुवारीच्या अखेरीस विटेक सुटला. हडकलेला, केस बारीक कापलेले, पण धड. दुसऱ्या दिवशी पोला डेअरीवर आली ती सरळ रांग सोडून पुढे, आणि सगळ्यांच्या देखत तिनं गेन्याचा हात धरून त्याचं चुंबन घेतलं. गेन्यानं हात ओढून घेतला, पण व्हायचं ते झालं होतं. रांगेतल्या सगळ्यांनी पाहिलं.

बातमी लुब्लिनला पोचायला वेळ लागला नाही. विटेकचे कारखान्यातले सोबती अजून आतच होते. हाच कसा सुटला? जनरलच्या बहिणीनं शब्द टाकला म्हणे. शब्दावर कुणी सोडतं का? यानं काहीतरी सही करून दिली असणार, कुणाची तरी नावं दिली असणार.

थोड्याच दिवसांनी विटेक डेअरीवर आला. रांग संपायची वाट बघत बाजूला उभा राहिला. मग म्हणाला, "मावशी, माझं नाव त्याला द्यायला तुला कुणी सांगितलं?"

"तुझ्या आईनं."

"आईला मुलगा हवा होता. तुझ्या भावाला काय हवं होतं, ते विचारलंस?"

गेन्या रिकामा कॅन विसळायला लागली. तो सांगत राहिला. सही मागायला कुणी आलंच नाही, सकाळी फाटक उघडलं आणि जा म्हणाले. पण हे आता कुणाला सांगायचं? ज्याच्याबरोबर एका खोलीत दिवस काढले, त्या तादेउशची बायकोही दार उघडत नाही. नोकरीवर परत घेतलं, तर जेवणाच्या टेबलावरून माणसं उठून जातात.

उन्हाळ्यापर्यंत त्यानं नोकरी सोडली. बायको लुब्लिनलाच राहिली, आधी कामासाठी आणि मग कायमची. तो वुल्कात आईपाशी येऊन मधमाश्यांच्या पेट्या बनवायला लागला. पेट्या सुबक असत. विकायला तो दूरच्या बाजारात नेत असे, जिथं त्याला कुणी ओळखत नव्हतं.

भावाला विचारून टाकावं, असं गेन्याला कितीदा वाटलं. पण तो म्हणाला असता, हो, मीच सोडवलं, तर विटेकवरचा डाग पक्का झाला असता. आणि विटेकनं बदल्यात काही दिलं असं तो म्हणाला असता, तर ते घेऊन ती कुठं जाणार होती? म्हणून लुद्विक सणावाराला फोन करायचा तेव्हा ती कोळशाचं बोलायची, गुडघ्याचं बोलायची.

पुढे काही वर्षांनी सरकार पडलं. जनरल निवृत्त झाला. पेपरात आता त्याच्याबद्दल वेगळंच छापून यायला लागलं, कोर्टाची बोलावणी निघाली. एका ऑक्टोबरात दुपारच्या बसमधून एक म्हातारा उतरला. साधा रेनकोट, हातात कापडी पिशवी. थांब्यावरची माणसं दोन पावलं मागे सरली. गेन्यानं खिडकीतून पाहिलं आणि तिला आधी बापच आल्यासारखं वाटलं.

तिनं आंबवलेल्या राईच्या पिठाचं सूप गरम केलं, त्यात अंडं कापून घातलं. तो खाली मान घालून खात होता. आता नाही विचारलं तर कधीच नाही, असं तिला वाटलं.

"पोलाच्या विटेकला तू सोडवलंस का?"

"कुठला विटेक?"

"मी फोनवर सांगितलं होतं. लष्करी कायदा लागला तेव्हा."

त्यानं चमचा खाली ठेवला. खरोखर आठवायचा प्रयत्न करत होता. "गेन्या, त्या दिवसांत मला कुणी कुणी किती नावं सांगितली. मी सगळ्यांनाच बघतो म्हणायचो."

"म्हणजे तू काहीच केलं नाहीस?"

"कुणाला ठेवायचं, कुणाला सोडायचं, ते खालच्यांनी पाहिलं असेल. मला तो आठवतही नाही."

गेन्या त्याचा चेहरा न्याहाळत राहिली. हा जन्मभर खोटं बोलण्याचाच पगार घेत आला. पण आत्ता त्याला खोटं बोलून काय मिळणार होतं? उलट विसरल्याबद्दल तो थोडा ओशाळल्यासारखा दिसत होता.

"आणि फेलिक्स?" तिनं विचारलं.

कुठला फेलिक्स, असं त्यानं विचारलं नाही. त्यानं ताटली बाजूला सारली. मग परतीची बस किती वाजता आहे, असं विचारून कोटाकडे हात नेला.

रात्रभर गेन्याचा डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी ती पाशेकांच्या अंगणात गेली. विटेक फळीला रंधा मारत होता.

"तुला सोडवायला माझ्या भावानं काही केलं नाही," ती म्हणाली. "त्याला तुझं नावसुद्धा आठवत नाही."

विटेकचा हात थांबला. "हे तू मला आज सांगतेस?"

"मलाही कालच कळलं. आधी विचारायला भ्याले."

तो त्या फळीवर बसला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यानं तिच्याकडे सरळ पाहिलं. "हे दुसऱ्यांसमोर सांगशील?"

जन्मभर तोंड मिटून राहिलेली गेन्या त्या आठवड्यात विटेकबरोबर बसनं लुब्लिनला गेली. संघटनेच्या कचेरीत, मांडीवर पर्स घट्ट धरून, तिनं तेवढंच सांगितलं. तिचा आवाज इतका बारीक येत होता, की दोनदा सांगावं लागलं. एक जण म्हणाला, जनरलची बहीण आता दाखले वाटत फिरते वाटतं. काही हसले. विटेकबरोबर आत राहिलेला तादेउश हसला नाही. जिन्यापर्यंत तो मागून आला आणि विटेकची बाही धरून म्हणाला, "चल, बिअर पिऊ. मावशी, तुम्हीही चला." गेन्या नको म्हणाली. बस सुटेपर्यंत विटेक थांब्यावर आला नाही, म्हणून ती एकटीच परतली. खिडकीशी बसून तिला बरं वाटत होतं आणि धाकधूकही होत होती, कारण अर्धं सांगायचं अजून राहिलंच होतं.

पोला तेव्हा अंथरुणाला खिळली होती. गेन्या तिच्या उशाशी बसली. पोलानं विचारलं, "विटेकचं सांगितलंस. दुसरं काही म्हणाला का तो?"

"मी फेलिक्सचं विचारलं."

"मग?"

"काही बोलला नाही. पण कुठला फेलिक्स, असं त्यानं विचारलं नाही, पोला."

पोलानं तोंड भिंतीकडे वळवलं. गेन्याला वाटलं, आता ही जा म्हणेल, आणि तिनं ओढणी सावरलीसुद्धा.

"चहा कर," पोला म्हणाली. "घशाला कोरड पडलीय."

गेन्या आत गेली. लहानपणी हे स्वयंपाकघर तिच्या पायाखालचं होतं. आता चहाची पूड कुठं, ग्लास कुठल्या कपाटात, साखर कुठं, काहीच ठाऊक नव्हतं. तिथूनच ती एकेक विचारत गेली आणि पोला पडल्या पडल्या सांगत गेली.