नवतपातली फेरी

वडील सावनेरहून माझ्याकडे राहायला आले तेव्हा त्यांच्यासोबत दोन पेट्या, आईची शिलाई मशीन आणि एक काळा कुत्रा होता. पेट्या आणि मशीन येणार हे मला माहीत होतं. कुत्र्याबद्दल ते फोनवर अवाक्षर बोलले नव्हते. टेम्पोत त्यांच्या पायांशी बसून तो आला, त्यांच्या मागोमाग तीन जिने चढला आणि घरात शिरून दाराकडे तोंड करून बसला.

"याले तिथं कोनं पाह्यलं असतं?" एवढंच वडील म्हणाले.

मी एकटी राहत होते. नागपुरात सदर भागातल्या एका विमा कार्यालयात नोकरी आणि तिसऱ्या, म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट. वडील सावनेरजवळच्या कोळशाच्या खाणीत पंपावर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, आणि आई गेल्यावर दोन वर्षं ते तिथेच एकटे राहिले. गॅस सुरू ठेवून ते बाहेर निघून जातात असा शेजाऱ्यांचा फोन आला, तेव्हा मी त्यांना घेऊन आले. होळी होऊन आठवडा झाला होता.

कुत्र्याला नाव नव्हतं. वडील त्याला माणसाला म्हणावं तसं 'गा' म्हणायचे. ये गा, बस गा, चाल गा. तोही त्यालाच ओ द्यायचा. तोंडाभोवतीचे केस पांढरे झालेले, अंगावर मात्र अस्वलासारखे दाट काळे केस. सावनेरला उन्हाळ्यात तो अंगणातली माती उकरायचा आणि त्या गार खड्ड्यात दिवसभर पडून राहायचा. माझ्याकडे उकरायला फरशी होती. पहिले काही दिवस तो नखांनी फरशी खरवडायचा आणि मग कंटाळून तिथेच अंग टाकायचा.

एप्रिल लागला तशी त्याची धाप वाढली. वरचा स्लॅब दुपारी असा तापायचा की भिंतीला पाठ टेकवत नव्हती. मी आयुष्यात कधी जनावर पाळलं नव्हतं, त्यामुळे त्याला जनावरांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टर तरुण होते, पण शांतपणे सगळं समजावून सांगायचे. केस भादरू नका, ते उन्हापासून त्याला वाचवतात, फक्त सुटलेले केस विंचरून काढा, असं ते म्हणाले. फिरवणं सकाळी सहाच्या आत आणि रात्री जेवणानंतर. रस्त्यावर आपल्या हाताची मागची बाजू टेकवून पाहायची. आपल्याला ती ठेवता येत नसेल तर त्याचे तळवे भाजणार. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, तो फक्त धापा टाकून अंग गार करतो, आणि ते जमेनासं झालं की फार वेळ मिळत नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

मी सगळं केलं. गच्चीला चुना मारून घेतला. घरात तीन ठिकाणी मातीच्या परातीत पाणी ठेवलं. वारा जमिनीलगत यावा म्हणून खिडकीतल्या कूलरशिवाय एक छोटा कूलर फरशीवर ठेवला आणि त्याच्यासमोर ओलं गोणपाट अंथरलं. जेवणात भाताबरोबर पातळ ताक. गळ्यातल्या पट्ट्यावर माझा मोबाइल नंबर लिहिला. आणि गांधीबागेतून जाड, गर्द निळं कापड आणून आईच्या मशीनवर दोन्ही खोल्यांचे पडदे शिवले. ते ओढले की भर दुपारी घरात दिवा लावावा लागायचा. खोली खरोखर गार राहायची. कुत्रा गोणपाटावर पाय पसरून झोपायचा. वडील म्हणायचे, खाणीत उतरल्यासारखं वाटते. त्यांना ते आवडलं होतं.

सकाळची फेरी त्यांची होती. मोठ्या अक्षरांत सगळं एका कागदावर लिहून मी तो फ्रिजवर चिकटवला: सहाच्या आत न्यायचं, रस्त्याला हात लावून पाहायचं, आल्यावर पाणी द्यायचं. वडिलांनी तो कागद पुन्हा पुन्हा वाचला. जन्मभर पहिल्या पाळीला अंधारात उठून गेलेला माणूस मी, मले काय सांगतेस, असंही म्हणाले. पण मनातून खूश होते. नागपुरात आल्यापासून त्यांच्या वाट्याला आलेलं ते एकच काम होतं.

काही गोष्टी मला दिसत होत्या. कूलरमध्ये पाइप सोडून ते विसरायचे आणि पाणी जिन्यातून खाली जायचं. एकदा दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंच्या दाराला ते बराच वेळ किल्ली लावत उभे होते. बाई शाळेत शिक्षिका, समजूतदार. त्यांनी वडिलांना वर आणून सोडलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, एकदा दाखवून घ्या त्यांना. मी हो म्हटलं. मनात मात्र म्हटलं, नवीन जागा आहे, म्हातारा माणूस गोंधळतो. मार्चअखेरचं काम नुकतंच संपलं होतं, कुत्र्याच्या मागे धावपळ चालली होती. कुत्र्याच्या डॉक्टरकडे मी तीनदा जाऊन आले. वडिलांना कुठेच नेलं नाही.

नवतपा, म्हणजे मेअखेरचे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या दिवसाची गोष्ट. दुपारी साडेतीनच्या सुमारास ऑफिसमध्ये अनोळखी नंबरवरून फोन आला. बाईचा आवाज होता. तिने विचारलं, काळा कुत्रा तुमचा आहे का, पट्ट्यावर हा नंबर आहे, आणि सोबत एक म्हातारे बाबा आहेत.

ती आमच्या घरापासून बऱ्याच अंतरावर, रिंग रोडच्या कडेला रसवंती चालवायची. मी तोंडाला दुपट्टा गुंडाळून स्कूटरवर निघाले. रस्त्यावर माणूस नव्हता. सिग्नलला थांबावं लागलं तेव्हा खालून येणारी आग चपलेतून लागत होती.

रसवंतीच्या हिरव्या कापडाखाली वडील जमिनीवर बसले होते. कुत्र्याचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. खांद्यावरच्या शेल्याने ते त्याला वारा घालत होते. बाईने त्याच्यावर पाणी ओतून ओलं पोतं टाकलं होतं. त्याची जीभ बाहेर लोंबत होती, जाड लाळ गळत होती, आणि हिरड्या विटेसारख्या लाल झाल्या होत्या. पुढच्या दोन्ही पायांच्या तळव्यांची कातडी सुटली होती.

वडिलांनी वर पाहिलं. त्यांचा चेहरा काळवंडला होता, ओठ फुटले होते.

"पहाटंचा निघालो वं," ते म्हणाले. "आज सूर्य लवकर चढला."

मला त्या क्षणी सगळं समजलं. जेवून ते झोपले असणार. जाग आली तेव्हा खोलीत काळोख, कूलरची घरघर, आणि दाराशी बसलेला कुत्रा. त्यांना वाटलं पहाट झाली. कागदावर लिहिलं होतं तसंच त्यांनी केलं. दोरी घेतली, चपला घातल्या, दाराला कडी लावली आणि त्याला फिरवायला नेलं. त्यांनी रस्त्याला हात लावून पाहिला का, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

बाकीचं रसवंतीवाल्या बाईने सांगितलं. ती दोघं तिच्यासमोरून आधी दोनदा गेली होती. बाबा घर शोधत असावेत असं तिला वाटलं, तिने हाकही मारली, पण ते थांबले नाहीत. कुत्रा प्रत्येक सावलीत बसायला बघायचा. बाबा म्हणायचे, चाल गा, आलंच घर, आणि तो उठायचा. तिसऱ्या फेरीला तो उठला नाही.

ऑटोत घालून दोघांनाही घेऊन आम्ही डॉक्टरकडे गेलो. डॉक्टरांनी त्याला ओल्या टॉवेलमध्ये ठेवून पंखा लावला, पायाला सलाइन लावली. वडिलांना पाहून त्यांनी मला हळूच सांगितलं की यांनाही लगेच दवाखान्यात न्या. मी शिक्षिकाबाईंना फोन केला. त्या आल्या आणि वडिलांना घेऊन गेल्या. वडिलांनाही सलाइन लागली, दोन दिवस ताप राहिला, आणि त्यातून ते उठले.

कुत्र्याचा ताप संध्याकाळपर्यंत उतरला. त्याने थोडं पाणीही चाटलं. मला वाटलं वाचला. दुसऱ्या दिवशी सकाळी गेले तर त्याच्या शौचातून रक्त पडत होतं. आतून सगळं भाजून निघाल्यासारखं होतं, असं डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडं काम करत नाहीत. मी त्याच्याजवळ स्टूल घेऊन बसले. दार वाजलं की तो मान न उचलता नुसते डोळे तिकडे वळवायचा. येणारा दुसराच कोणीतरी असायचा. बाराच्या आसपास त्याने तेही बंद केलं.

आमच्या इमारतीमागच्या रिकाम्या प्लॉटवर त्याला पुरावं असं मला वाटत होतं. माणूस लावून पाहिला. पण मे महिन्यातली जमीन, लोखंडी सब्बल आपटली की ठिणगी उडायची. वीतभर खड्डा झाला आणि तो माणूस थांबला. शेवटी दवाखान्याच्या लोकांनीच त्याची सोय केली. कुठे, ते मी विचारलं नाही.

जूनमध्ये वडिलांना मोठ्या डॉक्टरकडे नेलं. मेंदूचे फोटो निघाले. हा विसरण्याचा आजार आहे, वाढत जाईल, असं त्यांनी सांगितलं. किती दिवसांपासून जाणवतंय, असं विचारलं तेव्हा मी खाली मान घालून म्हटलं, होळीपासून.

वडिलांना त्या दुपारचं काहीच आठवत नव्हतं. कुत्रा मात्र आठवत होता. रोज सकाळी ते दोरी शोधायचे. मी सांगायचे, डॉक्टरकडे ठेवलंय, पायाला लागलंय त्याच्या. ते ऐकून घ्यायचे. तासाभराने पुन्हा विचारायचे. ताटातली अर्धी पोळी बाजूला काढून ठेवायचे. मी ऑफिसात असताना त्यांच्यासोबत राहायला एक बाई ठेवली होती, तिलाही विचारायचे. तिने एकदा सांगून टाकलं की कुत्रं मेलं, तर ते इतके रडले की ती घाबरून गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोरी शोधायला लागले.

असे दोन-अडीच महिने गेले. पोळ्याच्या आसपासची एक सकाळ होती. त्या दिवशी ते बरेच ठीक होते. दाढी केली होती, चहा घेतला होता. मी डबा भरत होते. ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"खोटं नको सांगू," ते म्हणाले. "तो मेला न?"

मी हो म्हटलं.

"कायनं मेला?"

"ऊन लागलं, बाबा."

मग त्यांनी विचारलं, "उन्हात कोनं नेलं त्याले?"

त्यांचे डोळे तेव्हा अगदी स्वच्छ होते. खाणीतून आल्यावर आंघोळ करून जेवायला बसायचे तेव्हा असायचे तसे. खरं सांगितलं असतं तर त्या क्षणी त्यांना ते पुरतं समजलं असतं.

"मी नेलं," मी म्हटलं.

ते मला ओरडले नाहीत. "काहून वं?" एवढंच विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता खोलीत गेले. त्या दिवशी ते माझ्या हातचं जेवले नाहीत. मला वाटलं, संध्याकाळपर्यंत विसरतील. रोजचं सगळंच विसरत होते. आईचं जाणं विसरत होते, माझं ऑफिस विसरत होते.

ते विसरले नाहीत. एवढंच त्यांच्या डोक्यात राहिलं. त्यानंतर त्यांनी दोरी कधी शोधली नाही. त्यांचे डॉक्टर म्हणाले, मन फार दुखावलं की कधी कधी ती गोष्ट टिकते, कारण सांगता येत नाही. सोबतीच्या बाईला, दूधवाल्याला, तपासायला येणाऱ्या नर्सला ते सांगतात की माझ्या पोरीनं माझं कुत्रं उन्हात नेऊन मारलं. मी समोर असले तरी सांगतात. शिक्षिकाबाई मला म्हणाल्या होत्या की हे बरं नाही, खरं काय ते समजावून सांगा. मी म्हटलं, राहू द्या. आणि त्या राहू द्या म्हणण्यात मी काही मोठं करतेय असंही मला वाटत नाही. भर दुपारी घरात रात्र मीच केली होती. त्यांचं चुकतंय हे मला सगळ्यांच्या आधी दिसत होतं, आणि मी पाहायचं टाळलं होतं.

यंदा एप्रिलच्या शेवटी शिक्षिकाबाई दहा दिवस लेकीकडे जाणार होत्या. त्यांच्याकडे लव्हबर्ड्सची जोडी आहे. पिंजरा घेऊन त्या वर आल्या. पाणी बदलायचं, दाणे टाकायचे, कूलरचा ओला झोत सरळ अंगावर येऊ द्यायचा नाही, असं सगळं त्यांनी मला सांगितलं. वडील पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले होते. मला वाटलं झोपले आहेत.

"बाई," ते तसेच पडल्या पडल्या म्हणाले, "इच्याजवळ जनावर नको ठेवू."

शिक्षिकाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना काहीतरी बोलायचं होतं. मी मान हलवून नको म्हटलं.

"वरचा मजला आहे, तापतो फार," मी म्हटलं. "तळमजल्यावर विचारून बघा, तिथं गारवा असतो."

त्यांनी पिंजरा उचलला. जिना अरुंद आहे म्हणून मी दुसऱ्या बाजूने धरला, आणि आम्ही दोघी एक एक पायरी उतरत तो खाली घेऊन गेलो.