फ्रिजची किंमत एक

आमची आत्या एकतीस वर्षं एका मोठ्या दुकानात मालावर किमतीची लेबलं लावायची. इस्त्री घ्या नाहीतर मोज्यांचा जोड, ती मान वर न करता किंमत सांगायची. दुकानात तिला सगळे ‘भाववाली’ म्हणत आणि तिला ते आवडायचं. निवृत्त झाल्यावर टीव्हीवरचा तो किमती ओळखायचा खेळ तिला सापडला. तो तर तिच्या हातचा मळ. दर रविवारी दुपारी ती शेजारच्या नर्सबाईंना घेऊन खेळायला बसायची. मला टीव्हीचा कंटाळा, त्यामुळे मी त्या वाटेला कधी गेले नव्हते.

अशा बाईबद्दल तिच्या मुलाचा, म्हणजे दादाचा, मला फोन आला. आईचं काही खरं नाही, म्हणाला. मी फोनवर असताना टीव्हीवर फ्रिज दाखवला आणि ही म्हणाली, एक. शंभर नाही, हजार नाही, नुसतं एक. वॉशिंग मशीनलाही एकच. विसर पडायला लागला तर तिला एकटं ठेवू नका, असं डॉक्टरांनी बजावलंच होतं. दादाने घरमालकाला द्यायची नोटीस लिहूनही टाकली होती. आत्याचा जीव त्या दोन खोल्यांत. तिथून हलवलं तर ती खंगणार, हे सांगायला ज्योतिषी नको. मी भयंकर चिडले, पण दादावर की आत्यावर, तेच मला कळेना.

रविवारी मी जाऊन बसले. पडद्यावर पंखा आला. आत्याने आधी मला बोलायला लावलं, मग नर्सबाईंना, आणि शेवटी शांतपणे म्हणाली, “एक.” खरी किंमत दिसली तशी नर्सबाईंनी कपाळाला हात लावला. आत्या जिंकली होती. मला काही म्हणजे काही उमगेना. मग नर्सबाईंनी नियम सांगितला. खऱ्या किमतीच्या वर गेला तो बाद, उरलेल्यांत जो जवळ तो जिंकला. आम्ही दोघी वर गेलो होतो, म्हणून आत्याचं ते ‘एक’सुद्धा पुरलं.

मी तिथूनच दादाला फोन लावला आणि त्याची चांगली खरडपट्टी काढली. पुढच्या रविवारी तो आला, खेळला, हरला आणि पोट धरधरून हसला. आई, तू तर महाबिलंदर निघालीस, म्हणाला. आत्या मात्र हसली नाही.

“किंमत मला माहीत नव्हती,” ती म्हणाली. “सहा महिने झाले, एकही किंमत आठवत नाही. तुम्ही किंमत जास्त सांगितलीत एवढं तुमच्या तोंडावरून कळतं, म्हणून एक म्हणते.”

दादाने भीतभीत विचारलं, मग आता काय करायचं?

“जिंकतेय तोवर मला इथे राहू दे. हरले की ने.”

तेव्हापासून दादा दर रविवारी येऊ लागला. तीन तासांचा प्रवास करून यायचा आणि कुकरला मोटारीची किंमत सांगायचा. मीही तसंच, नर्सबाईही तसंच. आत्या एक म्हणायची आणि जिंकायची. तिला आमची लबाडी कळत होती का? कधी वाटायचं, सगळं कळतंय. कधी ती दादालाच विचारायची, तू कुठे राहतोस रे हल्ली? मग माझं डोकं पुन्हा भंजाळायचं. ती शाबूत आहे की आम्ही तिला शाबूत ठरवतोय, देव जाणे.

गेल्या महिन्यात पडद्यावर शिलाई मशीन आलं. मी कारखान्यात रोज आठ तास ज्याच्यावर बसते, अगदी तेच. दादाने नेहमीसारखा अवाच्या सवा आकडा सांगितला. मी त्याच्याही वर जायला तोंड उघडलं, तेवढ्यात आत्याने माझा हात धरला.

“तू याच मशीनवर काम करतेस ना? खरी सांग.”

दादा आत्याच्या मागून मला मानेने नको नको म्हणत होता. पण माझा हात तिच्या हातात होता. मी खरी किंमत सांगितली.

आत्या म्हणाली, “एक.”

ती हरली. आता ती दादाकडे असते. आपण हरणार हे कळून ती एक म्हणाली, की दुसरा आकडाच तिला सुचला नाही? मी विचारणारही नाही. पण त्या दुपारी मी खोटं का बोलले नाही, म्हणून अजून स्वतःवर जळफळते.